देवाची उजवी बाजू

आमच्या घरात मोठे निर्णय देव घ्यायचा. देव म्हणजे गावचा, सिंधुदुर्गातल्या एका वाडीतला, काळ्या पाषाणाचा, चांदीच्या डोळ्यांचा. आम्ही इकडे मुलुंडला, तो तिकडे. पण धाकट्या भावाने विमानतळावरची नोकरी धरावी की नाही, ही जागा घ्यावी की नाही, सगळं त्याला विचारून व्हायचं. विचारायची रीत अशी, की गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण देवाला मोठ्याने सांगतो, आणि मग सगळे वाट बघत उभे राहतात. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. माझ्या लग्नालाही उजवा कौल मिळाला होता. लग्न तीन वर्षांत मोडलं. मी तावातावाने बाबांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, “देवान करा म्हणान सांगलेल्यान. टिकतला म्हणान खंय सांगलेल्यान?”

असल्या माणसाशी वाद काय घालणार.

मी तर्कशास्त्र शिकवते, घाटकोपरच्या एका कॉलेजात, अकरावी-बारावीच्या मुलांना. बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं. तेव्हा आमचे एक सर सांगायचे की मिक्सरबरोबर पुस्तिका येते, माणसाबरोबर येत नाही. तू कशासाठी आहेस, काय चांगलं, काय वाईट, हे कुणी आधी ठरवून ठेवलेलं नाही. ते तुझं तू ठरवायचं, आणि मग निस्तरायचंही तूच. एकोणिसाव्या वर्षी हे ऐकून मी हवेत तरंगत घरी आले होते. देव नाही, नशीब नाही, कुणाची परवानगी नको! बाबांना सांगितलं तर म्हणाले, “बरां झालां. आता पाणी भर.”

बाबा छापखान्यात होते. शिशाचे खिळे जुळवायचे. एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, आणि खिळ्यावरचं अक्षर नेहमी उलटं असतं, आरशात दिसावं तसं. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना उलटं अक्षर सुलट्यापेक्षा लवकर कळायचं. ऑफसेट छपाई आली, तो छापखाना बंद पडला, पण सवय गेली नाही. मी लहान असताना ते “चेडवा”, म्हणजे पोरी, अशी हाक मारायचे, माझ्या तळहातावर बोटाने उलटं अक्षर काढायचे आणि मी ओळखायचं, असा आमचा खेळ होता. पाचव्या वर्षी मी आरशातून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. शेजारीपाजारी कौतुक करायचे आणि आई म्हणायची, “सुलटां वाचूक शिकव आधी तेका.”

दीड वर्षापूर्वी बाबांच्या घशाखाली भाकरी उतरेना. मग भात उतरेना. अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, ऑपरेशन केलं आणि त्यातून निघाले तर काही वर्षं मिळतील. पण वय चौऱ्याहत्तर, फुप्फुसं कमजोर, कदाचित टेबलावरून परत येणारही नाहीत. नाही केलं तर काही महिने आहेत, पेज तरी जाईल, पुढे पुढे पाणीही जाणार नाही. भावाने विचारलं, “तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?” डॉक्टर म्हणाला, “माझे वडील नाहीत ते. तुम्ही ठरवा.”

मला त्या माणसाचा फार राग आला. आज वाटतं, त्या सगळ्या दिवसांत खरं बोललेला तोच एकटा.

घरी आलो. आई पदराला हात पुसत उभी राहिली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो, ती आमच्याकडे. शेवटी बाबाच म्हणाले, “देवाक विचारूया.” भावाच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसलं की मला तो लहानपणीचा भाऊ आठवला, गणिताचं उत्तर मागे छापलेलं सापडल्यावर हसणारा. मी मात्र मनातून ठरवून टाकलं होतं: ऑपरेशन व्हायला हवं. बाबांचं तहानेने मरणं मला बघवणार नव्हतं.

गावी बाबांचे चुलतभाऊ असतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांना फोन गेला. दुसऱ्या दिवशी काका आंघोळ करून देवळात गेले, गुरवाला बोलावलं आणि सगळा कौल मोबाइलवर काढून घरच्या ग्रुपवर पाठवला. देवळात रेंज नाही म्हणून वर रस्त्यावर चढून पाठवला, आणि खाली लिहिलं: ‘देवान कौल दिलो. बघा.’

शनिवारची दुपार होती. बाबा खाटेवर बसलेले, भाऊ त्यांच्या समोर फोन धरून. गुरव गाऱ्हाणं घालत होता, “बा देवा म्हाराजा, मुंबैत तुझां एक लेकरू आजारी आसा…”, आणि आजूबाजूचे “व्हय म्हाराजा” म्हणत होते. दोन-तीन मिनिटं काहीच हललं नाही. मग देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि खाली पडली. कुणीतरी घंटा बडवली. भाऊ ओरडलाच, “उजवा! ताई, उजवा दिला बघ ना! आता टेन्शनच नाय.” आईने जागच्या जागी हात जोडले.

मी भावाच्या मागे उभी राहून बघत होते. देवाच्या मागच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी आहे. त्यात माझ्या आजोबांचं नाव आहे. ते मी वाचलं, सहज, नेहमीसारखं. आणि वाचल्यावर लक्षात आलं की मी ते उलटं वाचलं.

फरशीवरची सगळीच अक्षरं उलटी होती. काकांच्या फोनचा मागचा कॅमेरा पडून फुटला होता; त्यांनी पुढच्या कॅमेऱ्याने, स्वतःचा चेहरा बघतो त्या बाजूने, सगळं काढलं होतं. त्या फोनात ते चित्र आरशासारखं साठलं होतं. म्हणजे व्हिडिओत उजवी दिसत होती ती डावी होती. देव नाही म्हणाला होता.

हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. भाऊ आणि आई पाकळी बघत होते, फरशीकडे कोण बघतंय? बाबांचा चष्मा फ्रिजवर होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची बोटं धड दिसत नसत. हे मी त्या क्षणी तपासून घेतलं. फ्रिजकडे बघितलं, चष्मा आहे ना ते पाहिलं. एवढी सावध होते मी.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. “तू कायच बोलाक नाय गो?”

मी म्हटलं, “मी काय बोलणार? तुमचा देव बोलला ना, हो म्हणाला.”

आयुष्यभर ज्याला मी दगड म्हटलं, त्याच्या तोंडी मी शब्द घातला. बाबा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “बरां.” काकांना भावाने फोन करून सांगितलं, “मिळाला व्हिडिओ, देवाच्या मनासारखं करतो.” काका म्हणाले, “तसांच होवंदे.” दोघांनीही उजवा-डावा हा शब्द काढला नाही. दोघांना वाटलं, डोळ्यांनी बघितलंय त्यात विचारायचं काय.

ऑपरेशन आठ दिवसांनी झालं. चांगलं झालं म्हणाले. बाबा टेबलावरून परत आले. भावाने हॉस्पिटलच्या खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना चहा पाजला. तिसऱ्या दिवशी फुप्फुसांत पाणी भरलं आणि घशात नळी घातली. नळी ओढून काढतील म्हणून हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले. मला आत सोडायचे ती दहा मिनिटं मी त्यांच्या तळव्याखाली माझा तळवा सरकवून बसायचे. पाचव्या दिवशी त्यांचं बोट हलायला लागलं, माझ्या हातावर. मी एकदम ताठ झाले. अक्षर काढताहेत असं वाटलं. मी सुलटं लावून बघितलं, उलटं लावून बघितलं, पुन्हा पुन्हा. काहीच जुळेना. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, “औषधाने होतं तसं, मॅडम. हात आपोआप हलतात.” सहाव्या दिवशी सकाळी ते गेले.

आता माझं तर्कशास्त्र बघा. देव नाही. देव नाही तर पाकळी ही नुसती पाकळी. ओली होती, वाळली, पडली. डावीकडून पडली काय न् उजवीकडून काय. ऑपरेशन हा डॉक्टरांनीच सांगितलेल्या दोन मार्गांपैकी एक होता. तेव्हा मी काहीही चूक केली नाही. कुठल्याही परीक्षकाने या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. आणि हे उत्तर तोंडपाठ असलेली बाई बाबा गेल्यावर महिनाभर पेजेशिवाय काही गिळू शकत नव्हती. घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. मी आरशासमोर तोंड उघडून स्वतःचा घसा बघायचे. वेड लागतं म्हणजे काय ते मला थोडंफार माहीत आहे.

कारण पाकळी माझ्यासाठी पाकळी होती, बाबांसाठी नव्हती. त्यांनी मरणाचा प्रश्न ज्याच्यापुढे ठेवला होता त्याची सही मी खोटी केली. हे पाप म्हणावं तर पाप मोजणारा वर कुणी नाही, हे मीच वर्गात सांगत आले. क्षमा मागावी तर मागायची कुणाकडे? भाऊ रोज पोटभर जेवत होता. म्हणायचा, “देवानेच हो म्हटलं होतं ताई. त्यालाच बाबा हवे असणार.” त्याचा मला इतका हेवा वाटायचा की एकदा मी त्याच्या अंगावर ओरडले, “गप रे, वाट लावलीस डोक्याची!” त्या बिचाऱ्याला वाटलं, ताईला बाबांची आठवण येतेय. तीही येत होतीच.

सरांनी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. फक्त ते सांगताना त्यांचा चेहरा गंभीर का असायचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुझं तू ठरव, हे मोकळं सोडणं आहे असं मी समजले. आता वाटायचं, हे रानात नेऊन सोडणं आहे. जाऊन पडायला एक पायरीसुद्धा ठेवलेली नाही.

बाराव्याला गावाहून काका आले. जेवणं झाल्यावर मला जिन्याशी गाठलं. खालच्या आवाजात म्हणाले, “गो बाय, देवान डावो कौल दिलेल्यान. मी सवता बघितलंय. तरी तुमी कापूक कशे दिलात?”

सांगून टाकावं असं वाटलं. त्याऐवजी म्हटलं, “काका, बाबांनीच ठरवलं. देव नाही म्हणाला तरी करूया म्हणाले.” दुसरं खोटं. पहिलं देवाच्या नावावर, दुसरं मेलेल्या बापाच्या. काका डोळे पुसून म्हणाले, “तसोच होतो तो. धाडसी.” आणि कुणाला हे सांगणार नाही म्हणाले. पुढचे दोन दिवस राहिले, तेवढ्यात ते माझ्याशी फार मायेने वागले, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, या माणसाने मला एक थोबाडीत द्यावी.

असं सव्वा वर्ष गेलं. घास उतरायला लागला, माणूस इतका निलाजरा असतो. मी शिकवत होते, पेपर तपासत होते. वर्गात एका मुलीने विचारलं, “मॅडम, कुणाच्या भल्यासाठी खोटं बोललं तर चालतं?” मी म्हटलं, “हा तर्कशास्त्राचा प्रश्न नाही, पुढचं उदाहरण सोडव.” ती खट्टू होऊन खाली बसली. घरी येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. भल्यासाठी! कुणाच्या भल्यासाठी? मला पोरकं व्हायचं नव्हतं. एवढंच होतं. तहानेने मरतील वगैरे मी स्वतःला नंतर सांगितलं.

मग गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. साधं ऑपरेशन, सकाळी नेतात आणि दुपारी घरी सोडतात. पण आई बाबांच्यानंतर हॉस्पिटलच्या पायरीवरही चढायला तयार नव्हती. रविवारी भाऊ आला होता. म्हणाला, “काकांना सांगतो कौल लावायला. व्हिडिओ मागवू, तुझी खात्री होईल.”

आई खाली बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “इडिओ नको हां. तो उलटो येता.”

भावाला काही कळलं नाही. “उलटा काय? ठीक आहे, नको तर नको,” म्हणून तो ड्यूटीला गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत जाऊन आईच्या समोर बसले.

“उलटा येतो, हे तुला कुणी सांगितलं?”

“ह्येंनी.” आईने शेंग मोडली. “तुका सांगू नको म्हणान बजावलेल्यानी. आता इतक्या दिसांनी काय.”

मग तिने सांगितलं. त्या शनिवारी मी संध्याकाळी भाजी आणायला खाली गेले होते. भाऊ निघून गेला होता. बाबांनी आईकडे चष्मा मागितला, तिच्या फोनवर तो व्हिडिओ लावायला सांगितला. एकदा बघितला, परत बघितला. फरशीवरचं स्वतःच्या वडिलांचं नाव बोटाने वाचलं. मग हसायला लागले, इतके की खोकला आला. आईला म्हणाले, देव नाही म्हणतोय, हे सगळं उलटं आहे. आई घाबरली. म्हणाली, पोरांना फोन करूया, ऑपरेशन नको.

“मगे?” मी विचारलं. माझ्याही तोंडून मालवणी निघाली, जी मी वीस वर्षं बोलले नव्हते.

“मगे म्हणाले, चेडवाक दिसलेलां. तेका मीच उलटां वाचूक शिकवलंय, तेका दिसल्याशिवाय रवतला? आणि तेणां आयुष्यात पयल्यांदा देवाचां नाव घेतल्यान, तां पण खोटां. म्हणजे तेका मी किती होयो आसंय बघ.” आईचे हात थांबले होते. “देव काय, बघून घेयत म्हणाले. चेडवाचा आयकूया. कापूदेत.”

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. होयो, म्हणजे हवा. सव्वा वर्ष मी समजत होते की त्या खोलीत मी एकटीने ठरवलं. त्यांनीही ठरवलं होतं, माझं खोटं नीट वाचून, सगळं माहीत असताना. काकांना मी जिन्यात जे खोटं सांगितलं ते खरं होतं. यात सुटका आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते स्वतःच्या मनाने गेले म्हणून छातीवरचा दगड हलतो, आणि माझ्यासाठी गेले हे आठवलं की परत तिथेच येऊन बसतो. आपल्या देवाचं न ऐकता ते माझं ऐकायला निघाले, आणि मी त्यांना धड काही ऐकवलंही नव्हतं. टोमणा मारला होता.

“रडतंस कित्याक?” आई म्हणाली. “मी सांगूक नको होतां.” मग माझं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून असेल, तिने विचारलं, “आता माझ्या डोळ्याचां काय करूचां तां तूच सांग. कौल नको नि काय नको.”

“करूया,” मी म्हटलं. तेवढ्यावरच थांबणार होते. मग म्हटलं, “आई, मला तू हवी आहेस. अजून खूप वर्षं हवी आहेस.” आवाज नको तेवढा मोठा निघाला. समोरच्या ब्लॉकचं दार किलकिलं झालं.

आई दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिला हसू येणार असं वाटलं, मोतीबिंदूच तर होता. पण ती हसली नाही. परात बाजूला सारून माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “ह्यां तेंका सांगूक होयां होतां गो.”

“हो,” मी म्हटलं.